शस्त्रक्रियेनंतर पुन्हा सायकल : नवी सायकल निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघा बदलला, खुबा बदलला, बायपास झाली, लिगामेंट जोडलं, आता पुन्हा सायकल चालवायची आहे, तर कुठली घेऊ? असे निरोप मला वर्षभर येत असतात. जास्त पुण्यातून, पण नाशिक, कोल्हापूर, ठाणे, इंदूरहूनही. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. मी डॉक्टर नाही. माणसाच्या मापाला सायकल जुळवून देणं हे माझं काम. त्यामुळे "केव्हा चालवू" हे तुमचे डॉक्टर आणि फिजिओ ठरवतील, "कुठली चालवू" याचं उत्तर इथे मिळेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. आपण सायकल निवडतो ती धावताना कशी वाटते यावरून. शस्त्रक्रियेनंतर ती उभी असताना कशी वाटते ते आधी बघा. सपाट रस्त्यावर चालू सायकलीवर सांध्याला फारसा त्रास होत नाही. तोल जातो तो चढताना, उतरताना आणि सिग्नलला थांबताना.

१. ऑपरेशननंतर किती दिवसांनी सायकल चालवता येते?

जागेवरची सायकल आणि रस्त्यावरची सायकल यांची उत्तरं वेगळी आहेत. पूर्ण गुडघा बदलल्यावर जागेवरची सायकल बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच फिजिओ सुरू करून देतात. पायडल पूर्ण फिरवायला गुडघा साधारण १०५ ते ११० अंश वाकावा लागतो. तोवर पायडल नुसतं मागेपुढे झुलवायचं, मग उलटं फिरवायचं आणि शेवटी सुलटं. रस्त्यावर यायला बहुतेकांना तीन महिने लागतात, काहींना जास्त. खुबा बदलला असेल तर पहिले ६ ते १२ आठवडे हालचालींवर बंधनं असतात. बायपासमध्ये छातीचं हाड पक्कं जुळायला साधारण १२ आठवडे धरतात.

दिवस मोजण्यापेक्षा मी चार गोष्टी विचारतो. काठीशिवाय चालता का? जिना कठडा न धरता उतरता का? ऑपरेशन झालेल्या एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का? झोप आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थांबल्या का? चारही उत्तरं "हो" असतील तर डॉक्टरांकडे परवानगी मागायला जा.

२. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. सायकल आत्ताच घेऊन ठेवली तर बरं होण्याची ओढ राहील ना?

ओढ कळते, पण सायकल आत्ता घेऊ नका. ऑपरेशनआधीचं तुमचं माप आणि नंतरचं माप एकच राहील असं नाही. पाय धनुकलीसारखे वाकलेले असतील तर गुडघा बदलल्यावर ते सरळ होतात आणि पायाची उंची थोडी वाढते. खुबा बदलल्यावर दोन पायांच्या लांबीत फरक पडू शकतो (प्रश्न १४ पाहा). सूज पूर्ण उतरायला कित्येक महिने लागतात आणि गुडघ्याचं वाकणं वर्षभर सुधारत राहतं. ओढच हवी असेल तर घरी जागेवरची सायकल आणा, किंवा महिनाभर भाड्याने घ्या. तिचा उपयोग दुसऱ्या आठवड्यापासूनही होऊ शकतो. रस्त्यावरची सायकल डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावरच घ्या.

३. नवी सायकल घ्यायलाच हवी का? माझी जुनी चांगली आहे.

नेहमीच नाही. जुनीत दांडी आडवी आहे की नाही, एवढंच आधी बघा. बाकी जवळपास सगळं बदलता येतं. हँडल उंच करता येतं, सीट बदलता येते, मागे जास्त दात्यांचा फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चकती) बसवता येतो, क्रँक (पायडलचा दांडा) आखूड लावता येतो, टायर रुंद घालता येतात. दांडी मात्र काढता येत नाही. ती कापून खाली जोडून देणारे वेल्डर भेटतील. त्यांच्याकडून हे काम करून घेऊ नका, फ्रेमची ताकद त्याच नळीत असते.

फक्त गुडघ्यातली दुर्बिणीची शस्त्रक्रिया, हर्निया किंवा मोतीबिंदू झाला असेल तर बहुतेकदा जुनीच सायकल थोडी सुधारून पुरते. गुडघा किंवा खुबा बदलला आणि जुनी सायकल आडव्या दांडीची असेल, तर मी नवी घ्यायला सांगतो.

४. दुकानात रोडस्टर, हायब्रिड, माउंटन, सिटी अशी नावं सांगतात. माझ्यासाठी कोणती?

नावाकडे दुर्लक्ष करून चार मापं बघा. दांडी जितकी खाली तितकं बरं. पाय गुडघ्याच्या उंचीपेक्षाही खालून पलीकडे नेता यायला हवा. हँडल सीटच्या उंचीला किंवा वर हवं. टायर निदान ३५ मिलिमीटर रुंद हवा, ४० असेल तर आणखी बरा. आणि पहिला गिअर खरोखर हलका हवा (प्रश्न ९ पाहा). ही चारही मापं बहुतेक वेळा सिटी प्रकारच्या खोलगट फ्रेमच्या सायकलीत किंवा दांडी उतरती असलेल्या हायब्रिडमध्ये सापडतात.

काळी रोडस्टर मजबूत आहे, सरळ बसवते, दुरुस्ती कुठल्याही गावात होते. पण ती जड असते, गिअर नसतो आणि तिच्या मधल्या स्टँडवर चढवायला मागे हिसका द्यावा लागतो. बायपास किंवा हर्नियानंतर नेमका तोच हिसका नको असतो. स्वस्त माउंटन सायकलींच्या पुढच्या शॉकअपचा मोह अनेकांना होतो. त्या किमतीत मिळणारा शॉकअप वजन वाढवतो आणि खड्ड्यात फारसा मदतीला येत नाही. रुंद टायर आणि त्यात थोडी कमी हवा, याने हातापाठीला जास्त आराम मिळतो.

वाकलेल्या हँडलची रेसिंग सायकल पहिल्या वर्षी नकोच. पूर्वी चालवत असाल तर पुढे केव्हातरी तिच्याकडे परत जाता येईल.

५. मी ६४ वर्षांचा पुरुष आहे. लेडीज सायकल घेतली तर कसं दिसेल?

हा प्रश्न लोक संकोचाने, बहुधा निरोपाच्या शेवटच्या ओळीत विचारतात, म्हणून मुद्दाम वर घेतला आहे. नेदरलँड्समध्ये म्हातारे पुरुष सर्रास खोलगट फ्रेम चालवतात. आपल्याकडेही स्कूटर याच आकाराची असते आणि तिला कोणी लेडीज म्हणत नाही. नवी सायकल घेणाऱ्यांपैकी हाच संकोच बाळगून आडवी दांडी घेणारे मी बघितले आहेत. सायकल सहा महिन्यांत जिन्याखाली जाते, कारण दर वेळी पाय वर टाकायची धास्ती वाटते. तुम्ही दांडी नसलेलीच घ्या. दुकानदाराने "सर, ही मॅडमसाठी आहे" म्हटलं तरी हीच काढायला सांगा.

६. पन्नास वर्षं टांग मारूनच सायकलवर बसतोय. ती सवय कशी सोडू?

सोडावीच लागेल, निदान पहिलं वर्षभर. टांग मारताना डावा पाय पायडलवर, सायकल चालू आणि उजवा पाय मागून कॅरिअरवरून फिरतो. त्या क्षणी सगळं वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर असतं आणि दुसरा खुबा मागे, बाहेर आणि आत फिरत असतो. खुबा बदललेल्यांना डॉक्टर जी वळणं टाळायला सांगतात, त्यातलीच ही.

नवी पद्धत अशी. सायकल थांबलेली, दोन्ही ब्रेक दाबलेले. सायकल आपल्याकडे थोडी कलती करा, पाय मधल्या खोलगट भागातून पलीकडे टाका, दोन्ही पाय जमिनीवर आल्यावर सायकल सरळ करा. मग एक पायडल वर, थोडं पुढे आणा, त्यावर पाय ठेवा आणि दाब देतानाच सीटवर बसा. उतरताना हेच उलट. आधी सीटवरून पुढे येऊन जमिनीवर उभं राहायचं, मग पाय काढायचा.

कुठल्या बाजूने चढायचं? उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर नेहमीसारखं डावीकडून. चांगल्या डाव्या पायावर उभं राहता येतं. डाव्या पायाचं असेल तर उजवीकडून चढायला शिका. सोसायटीच्या आवारात आठवडाभर सराव केला की जमतं.

७. दोन्ही पाय पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घेतली आहे, पण गुडघा दुखतो. काय चुकतंय?

मला आलेल्या निरोपांत सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार हीच आहे. चूक तुमची नाही, दोन गरजा एकमेकींविरुद्ध आहेत. पाय टेकायला सीट खाली हवी, गुडघ्याला सीट वर हवी. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा जास्त वाकतो आणि वाकलेल्या अवस्थेतच जोर लावतो. त्याने गुडघ्याच्या वाटीमागचा दाब वाढतो.

योग्य उंची अशी काढा. कोणीतरी सायकल धरावी. तुम्ही सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, ढुंगण एका बाजूला झुकता कामा नये. आता टाचेऐवजी चवड्याने पायडल मारलं की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक उरतो. तो ठीक आहे. आकड्यात हवं असेल तर पायाचं आतलं माप, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंत, गुणिले ०.८८३. आतलं माप ७८ सेंटिमीटर असेल तर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत साधारण ६९ सेंटिमीटर. हे सूत्र निरोगी सायकलस्वारांसाठीचं आहे. तुम्ही त्यापेक्षा एक-दीड सेंटिमीटर खाली सुरुवात करा.

या उंचीवर बसून पाय टेकणार नाहीत, फार तर चवडे टेकतील. म्हणून थांबताना सीटवरून पुढे उतरण्याची सवय लागते (प्रश्न ६). ते अजिबात जमत नसेल तर दोन उपाय आहेत. पहिला, पायडल सीटच्या बरेच पुढे असलेली फ्रेम. तिच्यावर पाय पुरेसा लांबही होतो आणि बसल्या बसल्या जमिनीलाही लागतो. आपल्याकडे अशा सायकली कमी मिळतात, पण विचारून बघा. दुसरा मला जास्त आवडतो. माउंटन सायकलवाले वापरतात तो ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची वर-खाली होणारी नळी. हँडलवरची कळ दाबली की सीट वजनाने खाली बसते, निघाल्यावर ढुंगण उचलून कळ दाबली की पुन्हा वर येते. तो डोंगर उतरण्यासाठी बनवलेला आहे, पण सिग्नलला थांबणाऱ्या सत्तरीतल्या माणसाच्याही तितकाच कामाचा आहे. घेण्याआधी तुमच्या फ्रेमच्या सीटखालच्या नळीचा आतला व्यास मोजून घ्या, २७.२, ३०.९ आणि ३१.६ मिलिमीटर ही नेहमीची मापं आहेत.

८. फिजिओ म्हणतात गुडघा ९८ अंशांपुढे जाणार नाही. मग सायकल संपलीच का?

नाही. आखूड क्रँक लावा. बहुतेक मोठ्यांच्या सायकलींना १७० मिलिमीटरचा क्रँक असतो. तो १५० चा केला की पायडलचा सर्वांत खालचा बिंदू २० मिलिमीटर वर येतो, म्हणून सीट २० मिलिमीटर उंच करता येते. आणि पायडलचा वरचा बिंदू आधीपेक्षा २० मिलिमीटर खाली आलेला असतो. दोन्ही मिळून गुडघ्याला वर ४० मिलिमीटर जादा जागा मिळते. ताठ गुडघ्याला एवढा फरक बहुधा पुरतो. लहान मुलांच्या २४ इंची सायकलींना १५२ मिलिमीटरच्या आसपासचा क्रँक असतो. चांगला मिस्त्री तो मोठ्या सायकलीत बसवून देऊ शकतो. चेनरिंग (पुढची दातेरी चकती) आणि चेनची लाइन मात्र जुळायला हवी.

याची किंमत म्हणजे पायडल थोडं जड लागतं, आखूड पान्याने नट सोडवताना जसा जोर लागतो तसं. म्हणून गिअर आणखी हलका लागतो. आणि सीट उंच झाल्यामुळे पाय टेकायचा प्रश्न वाढतो, तिथे पुन्हा प्रश्न ७ मधला ड्रॉपर सीटपोस्ट.

हीच युक्ती खुब्यालाही लागू पडते. खुबा ९० अंशांपुढे वाकवू नका असं सांगितलं असेल, तर आखूड क्रँक, उंच सीट आणि उंच हँडल या तिन्हींची एकत्र गरज आहे.

९. २१ गिअर पुरे की २४ हवेत?

संख्या महत्त्वाची नाही. सर्वांत हलका गिअर किती हलका, एवढंच विचारा. पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी, यांचे दाते मोजा. पुढे २८ आणि मागे ३४ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक पूर्ण एक फेराही फिरत नाही. चढ सोपा होतो. बिनगिअरच्या सायकलीत पुढे ४४, मागे १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. तुमचं रोजचं अंतर सपाट असेल तरी उड्डाणपूल आहेतच. ज्यांना पुण्यात बाणेर-पाषाणच्या चढावरून घरी यायचं असतं त्यांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

साध्या गिअरच्या सायकलीत गिअर पायडल फिरत असतानाच बदलतो. म्हणजे सिग्नल दिसला की थांबण्याआधी हलक्या गिअरवर यायचं. विसरलात तर निघताना पहिला जोर जड गिअरवर, नेमका नव्या गुडघ्यावर. पहिल्या महिन्यात हीच एक सवय मुरवा. पाय मिनिटाला ७० ते ८० फेरे फिरतील इतका हलका गिअर ठेवायचा. जोराने थोडं फिरवण्यापेक्षा हलकं भराभर फिरवणं सांध्याला मानवतं.

१०. बॅटरीवरची सायकल घेऊ का? लायसन्स लागतं का?

मोटर २५० वॅटच्या मर्यादेत असेल आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत राहत असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स, नोंदणी, काही लागत नाही. मर्यादा ओलांडणारी मोटर बसवून देणारे दुकानदार आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

घ्यावी की नाही? चढाच्या भागात राहता, हृदयाचं ऑपरेशन झालंय किंवा सोबतच्यांच्या बरोबरीने जायचंय, तर जरूर. पण विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा.

मोटर कशाने सुरू होते? स्वस्त सायकलीत पायडल फिरलं की मोटर ठरावीक जोराने धक्का देते, तुम्ही हळू मारा की जोरात. महाग सायकलीत तुमच्या पायाचा दाब मोजून त्या प्रमाणात मदत मिळते. पहिल्या प्रकारात, थांबलेले असताना पाय पायडलवर नुसता रेलला आणि पायडल हललं तर सायकल पुढे झेप घेऊ शकते. म्हणून ब्रेक दाबताच मोटर बंद होते ना, हे दुकानात स्वतः करून बघा आणि सिग्नलला ब्रेक दाबूनच उभे राहा. मुठीतला थ्रॉटल असेल तर निघताना गुडघ्यावर जोर येत नाही. ती सोय मला खरोखर मोलाची वाटते.

आणि वजन. अशा सायकली बहुधा २० किलोच्या आसपास किंवा वर असतात. तीन पायऱ्या चढवायच्या असतील तरी आधी उचलून बघा. बॅटरी काढून घरात नेता येते का हेही विचारा.

११. थांबताना कुठला पाय टेकवू? डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि फुटपाथ तर डावीकडे असतो.

चांगला पाय टेकवा. अचानक थांबताना सगळं वजन त्या पायावर येतं, तिथे धोका पत्करायचा नाही. तुमच्या बाबतीत उजवा. आपल्या रस्त्यांना मध्यापासून कडेला उतार असतो, त्यामुळे डाव्या पायाला जमीन खोल लागते आणि उजव्याला जवळ. म्हणजे तुम्हाला पाय टेकणं उलट सोपंच जाईल. फक्त शरीर वाहनांच्या बाजूला कलतं, म्हणून थांबताना डाव्या कडेला सरकून, गर्दीच्या थोडं मागे थांबा.

चांगला पाय जमिनीवर म्हणजे निघताना पहिला जोर ऑपरेशन झालेल्या पायाने द्यावा लागणार, ही यातली गोम. म्हणूनच थांबण्याआधी हलका गिअर (प्रश्न ९).

१२. बायपास झाली आहे. गुडघे उत्तम आहेत. मलाही वेगळी सायकल हवी का?

तुमचा प्रश्न हातांचा आणि छातीचा आहे. पुढे वाकून हँडलवर भार टाकला की तो छातीच्या हाडावर जातो. हँडल उंच आणि जवळ हवं, इतकं की ते सोडून सरळ बसलात तरी काही फरक पडू नये. सायकल उचलणं, ढकलणं, मधल्या स्टँडवर ओढणं हे पहिले तीन महिने नको. बाजूचा स्टँड लावून घ्या. पायातली शीर काढली असेल तर त्या पोटरीला सूज राहू शकते, मोजे कसे घालायचे ते डॉक्टरांना विचारा.

पेसमेकर बसवला असेल तर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेण्यावर काही आठवडे बंदी असते. हँडल उंच म्हणून खांद्याइतकं उंच नको.

झडप बदलली असेल आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर हेल्मेटशिवाय सायकल बाहेर काढू नका. तुमच्या बाबतीत डोक्याला साधा वाटणारा मारही दवाखान्यात दाखवायचाच, दुखत नसलं तरी. सायकलचं हेल्मेट घेताना आत ईएन १०७८ हे मानक छापलेलं आहे का बघा.

१३. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. मऊ जेलची सीट घेतली तर चालेल?

फार मऊ सीट उलट त्रास देते. बसण्याची दोन हाडं तिच्यात रुततात आणि मधला भाग वर दाबला जातो. तुम्हाला नेमका तिथला दाब टाळायचा आहे. थोडी कडक, मागे रुंद आणि मधोमध खाच किंवा पोकळी असलेली सीट घ्या. पुढचं टोक नसलेल्याही मिळतात. सीट सपाट ठेवा, टोक वर झुकलेलं नको. सीटवर बसायला साधारण ६ ते १२ आठवडे थांबायला सांगतात, ऑपरेशन कुठलं त्यावर ठरतं. पुढे पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) असेल तर आधीचे दोन दिवस सायकल नको, आकडा वाढून येऊ शकतो.

मूळव्याध, भगंदर यांनाही सीटचे हेच नियम.

१४. खुबा बदलल्यावर उजवा पाय थोडा लांब झालाय. एकच सीट दोन्ही पायांना कशी बसणार?

सीट आखूड पायाच्या मापाने लावा, म्हणजे कोणताच पाय ताणला जाणार नाही. फरक काही मिलिमीटरचाच असेल तर एवढं पुरतं. जास्त असेल तर आखूड पायाच्या बुटात किंवा पायडलवर जाडी वाढवतात. पण आधी तो फरक खरा आहे का हे डॉक्टरांकडून मोजून घ्या. पहिले काही महिने स्नायू आखडल्यामुळे पाय लांब झाल्यासारखा वाटतो आणि ते नंतर जातं.

१५. आईचे दोन्ही गुडघे बदललेत. उंची १५० सेंटिमीटर, साडी नेसते, भाजीपुरती सायकल हवी म्हणते. तीनचाकी घेऊ का?

आईंना आधी दुचाकीच दाखवा. २४ किंवा २६ इंची चाकांची खोलगट फ्रेम, पूर्ण बंद चेनकव्हर, मागच्या चाकाला जाळी म्हणजे पदर अडकणार नाही, आणि पुढे टोपली. भाजी हँडलला लटकवू नये, वळताना हँडल ओढलं जातं.

मोठ्यांची तीनचाकी थांबल्यावर पडत नाही, हा तिचा मोठा गुण. ज्यांचा तोलच गेला आहे, पक्षाघातानंतर एक बाजू कमजोर आहे, त्यांच्यासाठी ती फार चांगली. पण वेगात वळलं की ती बाहेरच्या बाजूला उलटू शकते, रस्त्याच्या उतारावर कडेला ओढते आणि सोसायटीच्या फाटकातून जाईल का हे मोजावं लागतं. दुचाकीवर आयुष्य गेलेल्या माणसाला ती सुरुवातीला अवघड जाते, कारण वळताना शरीर सवयीने कलतं आणि गाडी कलत नाही. आईंचा तोल चांगला असेल (प्रश्न १ मधली दहा सेकंदांची चाचणी) तर दुचाकीच.

१६. तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, खाली जागा नाही. घडीची सायकल कशी?

२० इंची चाकांच्या घडीच्या सायकलीची फ्रेम खोलगट असते, चढायला सोपी. पण वजन बहुधा १२ किलोच्या वरच असतं आणि तेवढं घेऊन तीन जिने चढणं गुडघ्याला सायकलीपेक्षा महाग पडतं. लहान चाक खड्ड्यात जास्त आपटतं, पावसाळ्यात तर खड्डा दिसतही नाही. शक्य असेल तर खाली कोणाकडे तरी जागा मागा. लाज वाटू देऊ नका, ऑपरेशननंतर लोक आनंदाने देतात.

१७. मनगटाचं, खांद्याचं किंवा मानेचं ऑपरेशन असेल तर?

मनगट किंवा बोटांत जोर कमी असेल तर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक घ्या, दोन बोटांनी लागतो. अशक्त हाताकडे कुठल्या चाकाचा ब्रेक येतोय ते दुकानातच तपासा. गरज पडल्यास ब्रेकची बाजू बदलून मिळते. मान वळत नसेल तर उजव्या हँडलला आरसा लावल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. कमरेच्या मणक्याचं असेल तर रुंद टायर आणि शॉक असलेला सीटपोस्ट.

१८. ऑनलाइन स्वस्त मिळते. मागवू का?

एरवी मागवा, या वेळी नको. खोक्यातून आलेली सायकल अर्धवट जुळवलेली असते आणि ब्रेक, हँडल कोणीतरी घरी येऊन घाईत बसवतो. शिवाय चढून-उतरून बघितल्याशिवाय तुम्हाला कळणारच नाही. दुकानात जाताना रोजच्याच चपला-बूट घाला, सोबत कोणाला तरी न्या, आणि चालवण्याआधी उभ्या सायकलीवर दहा वेळा चढा-उतरा. दहाव्या वेळी कंटाळा किंवा भीती वाटली तर ती सायकल तुमची नाही. कुलूप लावायला खाली वाकावं लागतं का, हेही बघा. मागच्या चाकाला बसवलेलं गोल कुलूप खुबा बदललेल्यांना सोयीचं.

१९. पूर्वी क्लिपचे (बूट अडकवायचे) पायडल वापरायचो. परत लावू का?

लिगामेंट किंवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इतक्यात नाही. पाय सोडवायला टाच बाहेर फिरवावी लागते आणि तो पीळ गुडघ्यातून जातो. रुंद, खरखरीत सपाट पायडल घ्या. सर्जननी पिळाच्या हालचालींना मोकळीक दिली की क्लिपचा ताण सर्वांत सैल ठेवून सुरुवात करता येईल.

२०. दर आषाढीला सायकलवर पंढरपूरला जातो. ऑपरेशन जानेवारीत झालंय. यंदा जाऊ का?

पुण्याहून पंढरपूर दोनशे किलोमीटरच्या वर आहे. जानेवारीत पूर्ण गुडघा बदलला असेल तर आषाढी येईपर्यंत पाच-सहा महिनेच होतात. रस्त्यावर आल्यापासून आठवड्याला थोडं थोडं वाढवत सलग ५० किलोमीटर झाले, दुसऱ्या दिवशी गुडघ्याला सूज नाही, असं दोन-तीनदा घडलं तरच विचार करा. आणि तेव्हाही सोबतच्या टेम्पोत सायकल टाकायची तयारी ठेवूनच निघा. वाटेतल्या दिवे घाटासारखा चढ टेम्पोतून गेलात म्हणून विठोबा काही रागावणार नाही. सलग एकेक महिना नीट गेला तर पुढच्या वर्षी आपल्या पायांनी जाल.

२१. पडलो तर नवा गुडघा तुटेल का?

कृत्रिम सांधा सहसा तुटत नाही, पण त्याच्याभोवतीचं हाड मोडू शकतं आणि ते दुरुस्त करणं अवघड असतं. म्हणून पडल्यावर पायावर वजन टाकता येत नसेल तर उठून चालण्याचा प्रयत्न करू नका. त्या गुडघ्यावर खरचटलं असेल तर जखम लगेच साबणपाण्याने धुवा. लालसरपणा, वाढती सूज, ताप यातलं काही दिसलं तर थेट सर्जनकडे जा. कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग पोचू देता कामा नये. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, तर पडलेले नसलात तरी सायकल बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. ती शिरेत गुठळी असू शकते.

२२. एक गुडघा झालाय, दुसऱ्याचं ऑपरेशन वर्षभरात आहे. मग सायकल आत्ता घेऊ की दोन्ही झाल्यावर?

पहिला गुडघा ११० अंशांपर्यंत वाकत असेल आणि दुसरा सहन होण्याइतका असेल, तर आत्ता घ्या. ऑपरेशनआधी मांडीचे स्नायू जितके तयार, तितकं नंतर उभं राहणं सोपं जातं. फक्त घेताना दुसऱ्या ऑपरेशननंतरची मापं मनात धरा. सीट आणि हँडल दोन्हीकडे वर-खाली करायला जागा राहील अशी फ्रेम निवडा, क्रँक बदलता येण्याजोगा आहे ना हे मिस्त्रीला विचारा, आणि चढण्याची बाजू दोन्हीकडून शिकून ठेवा. दुसरं ऑपरेशन झालं की चांगला पाय बदलणार, त्यामुळे प्रश्न ६ आणि ११ मधलं सगळं तुमच्यासाठी उलटं होणार आहे.

दुसरा गुडघा रात्री झोपू देत नसेल, जिना चढताना अडकत असेल, तर मात्र थांबा. आधी ऑपरेशन, मग जागेवरची सायकल, मग दुकान.